क्राऊन-पिनियन बदलायचा, तर जोडीनेच

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



गाळप हंगाम संपला, की आपल्या भागात दोन कामे बरोबरच निघतात. एक खोडव्याचे आणि दुसरे हंगामभर ऊस ओढून थकलेल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे. खोडव्याविषयी आम्ही सतत लिहीत असतो. ट्रॅक्टरच्या दुरुस्तीविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. ते काम मिस्त्रीचे, आपण फक्त बिल द्यायचे, अशी एक समजूत आहे. आम्हीही मिस्त्री नव्हे, शेतकीची माणसे. पण भरलेला ट्रेलर वाटेत बंद पडला, की सभासदाचा पहिला निरोप गट ऑफिसातच येतो. तेव्हा हा विषय आमचाही आहे आणि तुमचाही आहे.

ट्रॅक्टरच्या बिघाडांत सर्वांत महागात पडणाऱ्या बिघाडांपैकी एक म्हणजे मागच्या हाऊसिंगमधला क्राऊन-पिनियन जाणे. इंजिनचे काही बिघडले तर आधी धूर येतो, आवाज येतो, माणूस सावध होतो. क्राऊन-पिनियन आतल्या आत झिजत राहतो आणि एक दिवस चढावर 'कडाक्' असा आवाज होऊन ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहतो. मागे ऊस भरलेले दोन ट्रेलर, रस्ता अरुंद, वेळ रात्रीची. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी सांगतो. उशीर होईल तसे उसाचे वजन घटते आणि साखरही कमी होते. पैसे वजनावर मिळतात, म्हणजे वाळलेला प्रत्येक किलो सभासदाच्या खिशातून जातो. शिवाय टोळी बसून राहते ती वेगळीच.

या लेखात क्राऊन-पिनियनचे काम काय, तो बिघडल्याचे कसे ओळखावे आणि बदलताना मालकाने स्वतः उभे राहून कोणत्या गोष्टी करून घ्याव्यात, हे सांगण्याचा आमचा विचार आहे. सगळे लक्षात राहिले नाही तरी चालेल. एक गोष्ट मात्र विसरू नका : क्राऊन आणि पिनियन ही जोडी आहे. एकच बदलू नका.

डिफरन्शिअल कशासाठी?

बैलगाडीची दोन्ही चाके आखावर सुटी फिरतात. गाडी वळली, की बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी फिरते आणि कोणाचे काही अडत नाही. ट्रॅक्टरची मागची चाके अशी सुटी ठेवता येत नाहीत, कारण इंजिनची ताकद त्यांच्यातूनच जमिनीवर उतरते. दोन्ही चाके एकाच सळईला घट्ट बसवली तर वळणावर एक चाक घसरत तरी जाईल किंवा सळई तरी पिळून निघेल. दोन्ही चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनात एकदा वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त चालावे लागते. वळण लहान घ्या की मोठे, हा फरक तेवढाच राहतो.

यावर १८२७ साली फ्रान्समधील ओनेसिफोर पेकेर नावाच्या एका घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी तोड काढली. तीच आजचा डिफरन्शिअल. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला लहान दातेरी गिअर असतो, तो पिनियन. तो फिरवतो मोठ्या ताटलीसारख्या गिअरला, तो क्राऊन. क्राऊनला जोडलेल्या पेटीत चार-सहा लहान गिअर असतात. ते दोन्ही चाकांना ताकद सारखी वाटून देतात आणि फिरण्यातला फरक मात्र सांभाळून घेतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे बैलजोडीच्या जुवासारखे आहे. मध्यावर बांधलेले जू जरा तिरके झाले, एक बैल हातभर पुढे गेला, तरी ओढ दोघांवर सारखीच पडते. पण एक बैल चिखलात बसला, तर दुसरा कितीही दांडगा असो, गाडी हलत नाही. डिफरन्शिअलचेही तसेच. एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे कोरड्यावर असूनही गप्प उभे राहते. त्यासाठीच डिफरन्शिअल लॉक दिलेला असतो. त्याच्याबद्दल पुढे सांगतो, कारण बरेच क्राऊन-पिनियन त्याच्या चुकीच्या वापरानेच जातात.

थोडे गणित

समजा, पिनियनला ६ दात आणि क्राऊनला ३७ दात आहेत. ३७ ला ६ ने भागले की ६.१७ येतात. म्हणजे पिनियन ६.१७ वेळा फिरला की क्राऊन एकदा फिरतो. वेग जितका कमी होतो, तितकी ओढ वाढते. त्यापुढे चाकाजवळ आणखी गिअर असतात. ते तिप्पट धरू. मागच्या चाकाचा घेर ४ मीटर धरू.

फडापासून कारखान्यापर्यंत २० किलोमीटर अंतर असेल, तर एका भरल्या खेपेत चाक ५,००० वेळा फिरते, क्राऊन १५,००० वेळा आणि पिनियन सुमारे ९२,५०० वेळा. हंगामात अशा १२० खेपा झाल्या, तर क्राऊनचा प्रत्येक दात १८ लाख वेळा भाराखाली येतो आणि पिनियनचा प्रत्येक दात १ कोटी ११ लाख वेळा येतो. यात रिकामे परत येणे धरलेले नाही. पिनियन आधी का झिजतो, हे यावरून कळेल. आणि नेमके इथेच पुष्कळ जण फसतात. पिनियन झिजलेला दिसतो, क्राऊन बरा दिसतो, म्हणून फक्त पिनियन बदलून मोकळे होतात.

दातांची संख्या ६ आणि ३७ अशी अडनिडी का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. ६ आणि ३६ ठेवले असते तर पिनियनचा एक दात क्राऊनच्या ठराविक सहा दातांनाच जन्मभर भेटला असता. एका दातात खोड असती तर तेच सहा दात खराब झाले असते. ३७ मुळे प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

बिघाड कसा ओळखावा?

डिफरन्शिअल एकदम मोडत नाही, आधी बोलून दाखवतो. ड्रायव्हरने पुढील गोष्टींकडे कान द्यावा.

१. भार ओढताना मागून 'हूंऽऽ' असा सूर येतो आणि ॲक्सिलेटर सोडला की तो बदलतो किंवा थांबतो : क्राऊन-पिनियनचे दात झिजले किंवा त्यांचा मेळ बिघडला.

२. सरळ चालताना आवाज नाही, पण वळताना 'टक् टक्' होते : आतल्या पेटीतले लहान गिअर किंवा त्यांचे वॉशर गेले.

३. भार असो-नसो, सतत घरघर चालू असते आणि वेग वाढला की तीही वाढते : बेअरिंग संपले.

४. क्लच सोडताच मागे 'ठक्' असा दणका बसतो : कुठेतरी खेळ वाढला आहे. तो गिअरबॉक्समध्येही असू शकतो, म्हणून एवढ्यावरून मागचे हाऊसिंग उघडू नये.

सर्वांत खरी साक्ष ऑइलची. ऑइल बदलताना ते स्वच्छ परातीत काढा आणि उन्हात नीट बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखेसारखा मऊ काळसर लेप असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे पापुद्रे किंवा दाताचे तुकडे दिसले तर तो ट्रॅक्टर पुढच्या खेपेला जोडू नका. ऑइल दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. तेही तितकेच वाईट, कारण पाण्याने वंगण तुटते आणि बेअरिंग गंजते.

जोडीच का?

कारखान्यात क्राऊन आणि पिनियन तयार झाल्यावर दोघांना एकमेकांवर घासून त्यांचे दात जुळवतात. त्यानंतर दोघांवर एकच जुळणी नंबर कोरतात. म्हणजे या पिनियनचे दात याच क्राऊनसाठी घडलेले असतात. दुसऱ्या क्राऊनशी ते वरवर बसतील, फिरतीलही. पण दाताच्या पूर्ण अंगावर भार न पडता एखाद्या कोपऱ्यावरच पडेल.

या दातांचे पोलाद वरून कडक आणि आतून चिवट ठेवलेले असते. ते कडक कवच फार जाड नसते, साधारण मिलिमीटरच्या आसपास. भार एका कोपऱ्यावर पडला की तिथे आधी बारीक खड्डे पडतात, मग कवच उडते. कवच उडाल्यावर दात झिजायला वेळ लागत नाही.

आमच्या पाहणीतली एक गोष्ट सांगतो. एका सभासदाच्या ट्रॅक्टरचा पिनियन भर हंगामात गेला. खेपा बुडू नयेत म्हणून फक्त पिनियन आणून दोन दिवसांत बसवला. सुरुवातीपासून मागे सूर येत होता. 'नवीन आहे, रुळेल' असे म्हणून तो चालवला. तिसऱ्या आठवड्यात चढावर पिनियनचे दोन दात तुटले. तुटलेला तुकडा क्राऊनमध्ये सापडला आणि त्याने हाऊसिंगलाही चीर पाडली. क्राऊन वाचवायला गेले, तर जोडी, बेअरिंग आणि हाऊसिंग असे सगळेच घ्यावे लागले. त्यात ऊस दोन दिवस रस्त्यावर वाळला. यात त्या सभासदाचा हेतू वाईट नव्हता. उलट हंगाम चुकू नये हीच धडपड होती. पण पोलादाला आपली घाई समजत नाही.

तेव्हा खरेदी करताना तीन गोष्टी स्वतः बघा. क्राऊन आणि पिनियन एकाच खोक्यात असावेत. दोघांवरचा जुळणी नंबर एकच असावा. आणि दातांची संख्या जुन्याइतकीच असावी, ती दुकानातच मोजून घ्यावी.

दातांचे प्रमाण बदलले तर?

एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये दातांचे प्रमाण वेगळे असू शकते. 'हा पण बसतो' असे कोणी म्हणाले तर विचार करा. प्रमाण मुद्दाम बदलणारे लोक जगात आहेत, नाही असे नाही. ते म्हणजे मोटारींच्या रॅलीवाले. १९७० साली लंडन ते मेक्सिको अशी सुमारे २५ हजार किलोमीटरची रॅली झाली. ती हानू मिकोला आणि गुन्नार पाल्म यांनी फोर्ड एस्कॉर्ट मोटारीतून जिंकली. एस्कॉर्टची ताकद आपल्या ट्रॅक्टरसारखीच मागच्या चाकांवर जात असे. घरगुती वापराच्या एस्कॉर्टमध्ये हे प्रमाण ४ च्या आसपास असे, तर रॅलीच्या एस्कॉर्टमध्ये ५.३ पर्यंतचे प्रमाण घालत.

त्याने काय होते? ४.१ च्या जागी ५.३ घातले, तर चाकावरची ओढ सुमारे २९ टक्के वाढते. डोंगरी, वळणांच्या रस्त्यावर गाडी झटकन उचलते. पण इंजिनचे जेवढे फेरे होऊन आधी १०० चा वेग मिळत होता, तेवढ्यात आता ७७ चाच मिळतो. फुकट काही मिळत नाही. रॅलीवाल्यांना त्या वेगाची गरज नसते आणि त्यांच्यामागे मिस्त्र्यांची फौज असते, म्हणून त्यांना ते परवडते.

आपल्या ट्रॅक्टरला हे लागू नाही. आपल्याला हवी ती ओढ खालच्या गिअरमध्ये मिळतेच. चारही चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये तर मागचे प्रमाण बदलले की पुढच्या चाकांशी मेळ तुटतो आणि पुढचाही डिफरन्शिअल जातो. मात्र रॅलीवाल्यांची एक गोष्ट आपण जरूर घ्यावी. ती म्हणजे जोडी बसवताना घ्यायची काळजी. रॅलीची गाडी असो की उसाचा ट्रॅक्टर, ते काम एकच आहे.

खोलताना

हे काम शेतात, झाडाखाली करू नये. पक्क्या फरशीवर, सावलीत आणि धूळ नसेल अशा जागी करावे. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये मागची चाके काढून एका बाजूचे एक्सलचे हाऊसिंग सोडावे लागते. पिनियन काढायला गिअरबॉक्सपासून मागचा भाग वेगळा करावा लागतो. म्हणजे ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात. तो नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका. पुढे-मागे दोन्हीकडे भक्कम घोडे लावा, पुढचा एक्सल डोलू नये म्हणून पाचरी मारा. विटांवर आणि ओंडक्यांवर विसंबून ट्रॅक्टरखाली शिरू नका. क्राऊन नवा मिळतो, माणूस मिळत नाही.

खोलण्याआधी हाऊसिंग बाहेरून धुऊन घ्या. बेअरिंगच्या दोन्ही टोप्यांना डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. शिमा, म्हणजे ते पातळ पत्र्याचे वॉशर, जिथून निघतील तिथल्या नावाने वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. जुनी शिम फेकू नका. पहिली जुळणी तिच्यावरूनच सुरू होते. जुना क्राऊन-पिनियनही मिस्त्रीकडे सोडून येऊ नका, घरी आणा. त्याचे दात पाहिले की बिघाड कशाने झाला ते कळते.

क्राऊन-पिनियन बदलताना बेअरिंग आणि ऑइल सील नवीनच घालावेत. जुन्या बेअरिंगवर नवीन जोडी म्हणजे खचलेल्या पायावर नवीन भिंत.

बसवताना

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पिनियन, मग क्राऊन.

पहिले, पिनियनची खोली. पिनियन क्राऊनच्या मध्याकडे किती आत जायचा, हे शिमेने ठरते. पुष्कळ पिनियनच्या तोंडावर अधिक-उणे असा एक आकडा कोरलेला असतो. जुन्या आणि नव्या पिनियनच्या आकड्यांत फरक असेल, तर शिमेतही तेवढा फरक करावा लागतो.

दुसरे, पिनियनच्या बेअरिंगचा ताण. बेअरिंग सैल राहिले तर पिनियन भाराखाली मागे सरकतो, फार आवळले तर ते तापून जळते. जुने जाणते मिस्त्री पिनियनच्या दांड्याला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढतात आणि तो किती किलोला फिरतो ते वाचतात. पद्धत चांगली आहे. आकडा मात्र कंपनीच्या पुस्तकातला धरावा, अंदाजाचा नव्हे.

तिसरे, क्राऊन पेटीवर बसवणे. बसण्याची जागा आरशासारखी स्वच्छ हवी. तिथे एखादी कुसळाएवढी किसर राहिली तरी क्राऊन डुगतो. क्राऊन किंवा बेअरिंग घट्ट बसत असेल तर ते गरम तेलात तापवून बसवा. त्यावर गॅसची ज्योत धरू नका, तिने पोलादाचे पाणी उतरते. बोल्ट नवीन वापरा, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने द्या. पाईप घालून अंगाच्या जोराने आवळलेले बोल्ट एक तर ताणले जातात किंवा चालताना सुटतात.

चौथे, बॅकलॅश, म्हणजे क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधला मोकळा खेळ. पिनियन धरून ठेवायचा, क्राऊनच्या दातावर डायल गेज लावायचे, क्राऊन पुढे-मागे हलवून काटा वाचायचा. मोटारीत हा खेळ साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतो, ट्रॅक्टरमध्ये बहुधा त्याहून थोडा जास्त ठेवतात. माणसाचा केस ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे आपण केसांच्या हिशेबात बोलत आहोत. हे काम बोटाने चाचपून होत नाही. क्राऊनवर चार ठिकाणी मोजून घ्या. चारही आकड्यांत बराच फरक आला, तर क्राऊन वाकडा बसला आहे. तो काढून पुन्हा बसवा.

पाचवे, छाप. हे सर्वांत महत्त्वाचे काम आणि नेमके हेच घाईत राहते.

छाप कशी वाचावी?

क्राऊनच्या सात-आठ दातांना निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा. क्राऊनला लाकडाच्या तुकड्याने थोडा अटकाव करून पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचा. जिथे दाताला दात घासला तिथला रंग निघून छाप उमटते. दाताला एक शेंडा आणि एक मूळ असते; एक आतले बारीक टोक आणि एक बाहेरचे रुंद टोक असते. चांगली छाप शेंडा आणि मूळ यांच्या बरोबर मध्ये, किंचित आतल्या टोकाकडे असते. भार पडला की ती पसरत बाहेरच्या टोकाकडे जाते, म्हणून ही सोय.

छाप शेंड्याकडे पडली, तर पिनियन दूर आहे; तो क्राऊनच्या मध्याकडे सरकवा.

छाप मुळाकडे पडली, तर पिनियन फार आत गेला आहे. तो मागे घ्या.

छाप आतल्या बारीक टोकाला पडली, तर क्राऊन फार जवळ आहे. तो पिनियनपासून दूर घ्या.

छाप बाहेरच्या रुंद टोकाला पडली, तर क्राऊन दूर आहे. तो जवळ आणा.

शिम घातल्याने पिनियन आत जातो की बाहेर, हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या बांधणीवर अवलंबून असते, ते आधी पाहावे. पिनियन हलवला की बॅकलॅशही बदलतो, म्हणून तो पुन्हा मोजावा. दोन-तीन वेळा खोल-जोड करावी लागली म्हणून मिस्त्रीला नावे ठेवू नका. जो मिस्त्री छाप बघण्यासाठी पुन्हा खोलतो, तोच मिस्त्री चांगला. अर्ध्या दिवसाची मजुरी जास्त मागितली तर आनंदाने द्या.

पहिले दिवस

जोडणी झाल्यावर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले ऑइलच भरा. अनेक ट्रॅक्टरमध्ये एकच ऑइल गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक या सर्वांना चालते, म्हणून 'गिअरचे जाड ऑइल' असे म्हणून कोणतेही भरू नका. पातळी सपाट जागी बघा. पहिले काही दिवस हलका भार द्या. पहिल्या फेरीनंतर हाऊसिंगला हात लावून पाहा. हात ठेववणार नाही इतके तापले असेल, तर बेअरिंगचा ताण पुन्हा तपासून घ्या. नवीन जोडीची सुरुवातीची बारीक किसर ऑइलमध्ये उतरते, म्हणून पहिले ऑइल पुस्तकात दिलेल्या तासांवर न चुकता बदला. आणि सूर येत असेल तर 'रुळेल' म्हणू नका. नीट बसलेल्या जोडीचा पहिल्या दिवसापासून सूर येत नाही.

पुन्हा मोडू नये म्हणून

बदलण्याच्या खर्चापेक्षा सांभाळण्याचा खर्च कितीतरी कमी आहे. ड्रायव्हरला पुढील गोष्टी समजावून सांगा. मालक स्वतः चालवत असेल तर त्यानेही ऐकाव्यात.

इंजिन रेज करून क्लच एकदम सोडू नये. दोन भरलेले ट्रेलर जागेवरून हलवताना दातांवर जो झटका बसतो, तो दिवसभराच्या ओढीपेक्षा वाईट असतो.

डिफरन्शिअल लॉक लावायचा तो क्लच दाबून, चाक फिरायचे थांबल्यावर आणि ट्रॅक्टर सरळ असताना. चाक चिखलात गरगरत असताना लॉकच्या पेडलवर पाय मारणे म्हणजे पळत्या बैलाच्या पायात काठी घालणे. फडातून बाहेर निघाले की लॉक सुटल्याची खात्री करूनच वळावे.

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, हवाही सारखी असावी. एक नवा आणि एक गुळगुळीत झाला, तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअलला सतत वळणावर असल्यासारखे काम करावे लागते.

रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांना जोडलेले असावेत. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला तर डिफरन्शिअलचे नुकसान होतेच, पण ट्रॅक्टर उलटण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

उतारावर न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

आणि शेवटचे, भार. ट्रेलरला वरून दोन मोळ्या जास्त टाकल्या तर काट्यावर आकडा वाढतो, हे खरे. पण तो भार वर सांगितलेल्या १ कोटी ११ लाख फेऱ्यांतल्या प्रत्येक फेऱ्यात दातावर बसतो. खेपेमागे मिळालेले थोडे पैसे हंगामाच्या शेवटी मिस्त्रीच्या हातात मोजून द्यावे लागतात.

बंधूंनो, खोडव्याला वेळेवर पाणी नाही दिले तर पीक आपल्याला दिसेल असे सुकते. क्राऊन-पिनियन मात्र लोखंडी पेटीत बंद असतो. त्याचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येते आणि ऑइलमध्ये उतरते. म्हणून पावसाळ्याच्या आधी प्रत्येक वाहतूकदार सभासदाने मागच्या हाऊसिंगचे ऑइल एकदा काढून बघावे, टायर मोजावेत आणि सूर येत असल्यास ट्रॅक्टर आताच दाखवावा. नवीन हंगामाची मोळी पडल्यावर मिस्त्रीलाही वेळ नसतो आणि आपल्यालाही नसतो. दुरुस्ती करालच, तर जोडी आणा, नंबर बघा, छाप पाहिल्याशिवाय झाकण बंद करू देऊ नका. एवढे केलेत तर तुमचा ऊस रस्त्यावर वाळणार नाही, आणि चढावर उभ्या ट्रेलरजवळ कंदील घेऊन रात्र काढण्याची वेळ घरातल्या कोणावर येणार नाही.